वापरलेल्या रॅपिड टेस्टमधून विषाणूचा जनुकीय क्रम : वाचकांचे प्रश्न

रॅपिड अँटिजेन टेस्टची पट्टी निकाल वाचून झाला की कचऱ्यात जाते. त्या पट्टीत विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, शिल्लक असतो, तो काढून वाचता येतो आणि त्यावरून कोणता उपप्रकार कुठे फिरतो आहे हे कळू शकतं. जिथे आरटी-पीसीआरचे नमुने गोळा होणं कमी झालं आहे किंवा मुळातच होत नव्हतं, तिथे या पट्ट्या हाच सर्वेक्षणासाठी हाती असलेला नमुना आहे. याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : रॅपिड टेस्ट विषाणूचं प्रथिन ओळखते, जनुक ओळखत नाही. मग रेघ उमटून गेलेल्या पट्टीतून जनुकीय क्रम कसा मिळेल? (सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी)

टेस्ट प्रथिन ओळखते हे बरोबर, पण पट्टीवर आपण फक्त प्रथिन टाकत नाही. स्वॅबवरचा सगळा स्राव किटच्या नळीतल्या द्रावणात, म्हणजे बफरमध्ये, उतरतो आणि त्याचे तीन-चार थेंब पट्टीवर पडतात. बफरमधला डिटर्जंट विषाणूचं मेदाचं आवरण फोडतो. आतलं न्यूक्लिओप्रथिन रेघेवरच्या अँटिबॉडीला चिकटतं. आरएनए काही अंशी त्या प्रथिनाला धरून राहतो, काही अंशी सुटून द्रवाबरोबर पुढे वाहतो.

कॅसेटच्या आतली पट्टी साधारण ६ सेंटिमीटर लांब आणि ३ ते ४ मिलिमीटर रुंद असते. एका टोकाला नमुना घेणारा पॅड, त्यापुढे सोन्याच्या सूक्ष्म कणांचा किंवा रंगीत लॅटेक्सचा पॅड, मग नायट्रोसेल्युलोजचा पडदा आणि शेवटी द्रव ओढून घेणारा शोषक पॅड. द्रव या सगळ्यांतून जातो, म्हणून आरएनएही सगळ्या पट्टीभर पसरलेला असतो. फक्त निकालाच्या ‘टी’ रेघेचा तुकडा कापून घेणाऱ्यांच्या हाती म्हणूनच कमी लागतं. पूर्ण पट्टी घ्यावी.

ही कल्पना विषाणूंपासून सुरू झालेली नाही. मलेरियाच्या वापरलेल्या रॅपिड टेस्टमधून परजीवीचा डीएनए काढून त्याची तपासणी करणं करोनाच्या साथीच्या बऱ्याच आधीपासून चालू आहे. आरएनए डीएनएपेक्षा नाजूक, एवढाच फरक. पण या एका फरकामुळे कामाची सगळी शिस्त बदलते.

प्रश्न : आमच्याकडे पॉझिटिव्ह पट्ट्या गोळा करून महिन्याने प्रयोगशाळेत पाठवल्या. निम्म्याहून जास्त पट्ट्यांमधून काहीच मिळालं नाही. प्रयोगशाळेची चूक असेल का? (आरोग्य केंद्रातील तंत्रज्ञ)

तसं असू शकतं, पण आधी साठवण तपासा. पट्टीतला आरएनए बहुतेक वेळा प्रयोगशाळेत पोचण्याआधीच गेलेला असतो.

आरएनए तोडणारी विकरं, म्हणजे आरएनेझ, नाकातल्या स्रावात असतात, हातावर असतात, धुळीत असतात. त्यांना काम करायला पाणी लागतं. पट्टी ओली राहिली तर ती काम करत राहतात, लवकर कोरडी झाली तर थंडावतात. टेस्ट संपल्यावर कॅसेट लगेच प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंद केली तर शोषक पॅडमधलं पाणी आतच अडकतं. वर पिशवी उन्हात किंवा गरम खोलीत राहिली, तर आठवड्याभरात पीसीआरला थोडंफार सापडेल, पण लांब तुकडे उरणार नाहीत. सिक्वेन्सिंगला, म्हणजे जनुकीय क्रम वाचायला, लांब तुकडे लागतात.

आमची शिफारस अशी. निकाल किटवर लिहिलेल्या वेळेतच वाचा. मग कॅसेट आडवी, सावलीत, स्वच्छ ट्रेवर तासभर उघडी ठेवा, पंख्याच्या झोतात नको. ट्रेवर ‘संसर्गजन्य’ असं लिहा आणि जिथे माणसांची ये-जा नाही अशी जागा निवडा. त्यानंतर प्रत्येक कॅसेट स्वतःच्या वेगळ्या झिपच्या पिशवीत घाला आणि सोबत १ ते २ ग्रॅमची सिलिका जेलची पुडी टाका. रंग बदलणारं आर्द्रतादर्शक कार्ड मिळालं तर तेही घाला. कार्डाचा रंग बदलला की पुडी बदलायची वेळ झाली हे न उघडताच दिसतं. एका पिशवीत दहा कॅसेट भरू नका. एका जोरदार पॉझिटिव्ह कॅसेटच्या खिडकीतून निघालेला कण शेजारच्या पट्टीवर बसला, तर पुढे दोघींचा क्रम सारखाच येतो आणि तो खरा संसर्गाचा धागा आहे की पिशवीतली गफलत आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

त्याच दिवशी ४ अंशांवर ठेवा. आठवड्याहून जास्त थांबायचं असेल तर उणे २० आणि महिनोन्‌महिने ठेवायचं असेल तर उणे ८०. फ्रीजरमधून काढलेली पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतली वाफ थंड पट्टीवर जमते आणि ती पुन्हा ओली होते. याच कारणासाठी पिशव्या वारंवार आत-बाहेर करू नयेत.

दोन चुका सर्रास दिसतात. पहिली, ‘निर्जंतुक करून ठेवू’ म्हणून कॅसेटवर ब्लीचचा फवारा मारणं. ब्लीचमधलं हायपोक्लोराइट आरएनए तोडतं, आणि कॅसेटची खिडकी व नमुन्याचा खड्डा उघडेच असतात. बाहेरून पुसायचं असेल तर ७० टक्के अल्कोहोलने ओलसर केलेला कागद कडांवर फिरवावा, खिडकीवर नाही. दुसरी चूक, साध्या मार्करने नंबर लिहिणं. तोच अल्कोहोल तो नंबर पुसून टाकतो. छापील बारकोडची चिकटपट्टी किंवा अल्कोहोलने न जाणारी शाई वापरा.

प्रश्न : लेबलवर काय काय हवं? रुग्णाचं नाव नको असं सांगितलं आहे.

नाव नकोच. एक क्रमांक, चाचणीची तारीख, लक्षणं सुरू झाल्याची तारीख, जिल्हा किंवा तत्सम विभाग, वयोगट, टेस्ट-किटचा ब्रँड आणि लॉट क्रमांक. चाचणीची तारीख सर्वांत मोलाची. उपप्रकार कधी आला, किती वेगाने वाढला हे सगळं त्या तारखेवर उभं असतं आणि जीआयएसएआयडीसारख्या विषाणूंच्या क्रमांच्या माहितीसाठ्यात क्रम भरतानाही नमुना घेतल्याचीच तारीख मागतात. प्रयोगशाळेत पट्टी पोचल्याची तारीख त्या रकान्यात घातली तर महिन्याभराची साठवण म्हणजे महिन्याभराची चूक. किटचा ब्रँड का, तर प्रत्येक किटचा बफर आणि पॅड वेगळा असतो, आणि एखाद्या ब्रँडच्या पट्ट्यांमधून सतत कमी आरएनए मिळू लागला तर ते ओळखायचा हा एकच मार्ग आहे.

प्रश्न : पट्टीतून आरएनए काढायची कृती टप्प्याटप्प्याने सांगाल का? आमच्याकडे सिलिका स्तंभाचं (आरएनए धरून ठेवणाऱ्या गाळणीचं) नेहमीचं किट आहे. (वैद्यकीय महाविद्यालयाची प्रयोगशाळा)

पट्टी संसर्गजन्य धरूनच काम करा. किटच्या बफरमध्ये विषाणू मेला असेल असं गृहीत धरू नका. कॅसेट उघडण्याचं काम दुसऱ्या वर्गाच्या जैवसुरक्षा कॅबिनेटमध्ये, दुहेरी हातमोजे घालून करा.

कॅसेटच्या कडेच्या खाचेत चपटा स्पॅट्युला घालून पिळलं की झाकण निघतं. पट्टी चिमट्याने कडेला धरून उचला, ३-४ तुकडे करा आणि २ मिलिलिटरच्या नळीत टाका. कात्री व चिमटा प्रत्येक पट्टीला वेगळा हवा. तेवढे नसतील तर मध्ये १० टक्के ताज्या ब्लीचमध्ये बुडवा, मग पाण्याने आणि शेवटी अल्कोहोलने धुऊन वाळवा. पट्टीच्या मागचा प्लास्टिकचा आधार विरघळत नाही, तो नळीत राहिला तरी हरकत नाही.

आता लायसिस बफर, म्हणजे विषाणू फोडून आरएनए मोकळा करणारं द्रावण. इथे बहुतेकांचं गणित चुकतं. मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या एका स्तंभ-किटची मापं १४० मायक्रोलिटर द्रव नमुना, ५६० मायक्रोलिटर लायसिस बफर आणि नंतर ५६० मायक्रोलिटर इथेनॉल अशी आहेत. पट्टी हा कोरडा नमुना आहे. तेव्हा त्या १४० च्या जागी तेवढंच आरएनेझमुक्त पाणी घाला, म्हणजे प्रमाण बिघडत नाही. २०० मायक्रोलिटरमध्ये भागवू पाहिलं तर पॅडच सगळं पिऊन टाकतात आणि हातात काही येत नाही. उलट पट्टी नीट बुडावी म्हणून बफर वाढवला, तर इथेनॉलही त्याच पटीत वाढवा. इथेनॉल कमी पडलं की आरएनए सिलिकाला धरत नाही आणि सरळ कचऱ्याच्या नळीत उतरतो. किटमधला वाहक आरएनए वगळू नका. नमुन्यात आरएनए थोडाच असतो, आणि तो नळीच्या भिंतीला चिकटून वाया जाऊ नये म्हणून हा आधार लागतो.

व्हॉर्टेक्सवर, म्हणजे नळी ढवळणाऱ्या यंत्रावर, १५ सेकंद फिरवा, खोलीच्या तापमानाला १५ मिनिटं ठेवा, मध्ये एकदा पुन्हा फिरवा. जुन्या, कडक वाळलेल्या पट्टीला तास दिला तरी चालतो. लायसिस बफरमधल्या ग्वानिडिनमुळे आरएनेझ निकामी होतात, त्यामुळे इथे घाई नाही. मग पॅडमध्ये अडकलेला द्रव काढायचा. पट्टीचे तुकडे एका रिकाम्या गाळणी-स्तंभात घालून तो स्तंभ स्वच्छ नळीत बसवा आणि मिनिटभर सेंट्रिफ्यूज करा. गाळणी नसेल तर पिपेटच्या टोकाने पॅड नळीच्या भिंतीवर दाबून पिळा. हा टप्पा गाळला तर जवळपास अर्धा द्रव पॅडमध्येच राहू शकतो.

गोळा झालेला द्रव गुलाबी किंवा निळसर दिसेल, ते सोन्याचे किंवा लॅटेक्सचे कण आहेत. पूर्ण वेगाने २ मिनिटं फिरवा आणि वरचा स्वच्छ द्रवच पुढे घ्या. तळाचे धागे स्तंभावर गेले तर तो तुंबतो. पुढे किटच्या सूचनेप्रमाणे. धुण्यानंतर रिकाम्या स्तंभाला पूर्ण वेगाने एक मिनिट जास्त द्या, कारण मागे राहिलेलं इथेनॉल पीसीआर अडवतं. शेवटी ४० ते ५० मायक्रोलिटरमध्ये उतरवा.

एक धोका ठळकपणे सांगायला हवा. ग्वानिडिन थायोसायनेट असलेल्या बफरवर, त्याच्या नळ्यांवर किंवा त्यात भिजलेल्या पट्ट्यांवर ब्लीच कधीही ओतू नका. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो. सांडलेला बफर आधी डिटर्जंट आणि पाण्याने पुसा. या टाकाऊ द्रवाची बाटली वेगळी ठेवा आणि तिच्यावर ‘ब्लीच नको’ असं मोठ्या अक्षरांत लिहा.

प्रत्येक खेपेत एक कोरी, न वापरलेली पट्टी हीच सगळी कृती करून घ्या. नुसत्या पाण्याचा निगेटिव्ह कंट्रोल (विषाणू नसलेला तुलनेचा नमुना) पुरत नाही, कारण कात्री, चिमटा आणि कॅबिनेटमधला संसर्ग त्यात दिसत नाही.

प्रश्न : पट्टीऐवजी नळीत उरलेला बफर किंवा स्वॅबच वापरला तर?

ताजा असेल तर जरूर वापरा, त्यात पट्टीपेक्षा जास्त आरएनए असतो. हिशेब सोपा आहे. ४०० मायक्रोलिटर बफरपैकी १०० पट्टीवर गेला, तर पट्टीला एक चतुर्थांशच मिळालं, म्हणजे सुरुवातीलाच पीसीआरच्या २ सायकलचा तोटा (एका सायकलमध्ये प्रती दुप्पट होतात). पण तो द्रव आहे. सांडतो, नेताना गळतो, आणि त्यात आरएनेझ जागे असतात. त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचत असेल किंवा लगेच लायसिस बफरमध्ये मिसळता येत असेल तर बफर घ्या. दिवस लागणार असतील तर वाळलेली पट्टीच बरी.

प्रश्न : कोणत्या पट्ट्या सिक्वेन्सिंगला पाठवाव्यात? गडद रेघेच्याच का?

रेघेचा गडदपणा पहिली चाळणी म्हणून उपयोगी आहे. गडद रेघ म्हणजे जास्त प्रथिन, म्हणून सहसा जास्त विषाणू. पण अंतिम निवड आरटी-पीसीआरच्या सीटी आकड्यावर करा. कितव्या सायकलला विषाणू दिसू लागला तो हा आकडा; तो कमी म्हणजे विषाणू जास्त. पट्टीतून काढलेल्या आरएनएचा सीटी ३० च्या खाली असेल तर पूर्ण क्रमाची आशा चांगली असते. ३० ते ३३ मध्ये तुकड्या-तुकड्याने मिळतो. त्यापुढे खर्च बहुधा वाया जातो. साधारण ३.३ सायकल म्हणजे दहापट फरक, त्यामुळे स्वॅबवर २४ आलेला नमुना पट्टीतून २८-२९ आला तर घाबरू नका.

या पीसीआरमध्ये मानवी आरनेझ-पी जनुकाची तपासणीही लावा, म्हणजे नमुन्यात माणसाचं जनुकीय द्रव्य आलं आहे का हे कळतं. तेही सापडलं नाही तर पट्टी खराब झाली आहे किंवा काढणी फसली आहे. मानवी जनुक छान आलं आणि विषाणूच नाही, तर काढणी जमली आहे, विषाणूचा आरएनएच पुरेसा नाही. दोन्ही उशिरा येत असतील तर आरएनए पाच पट पातळ करून पुन्हा लावा. सीटी अपेक्षेप्रमाणे सव्वादोनच्या आसपास वाढण्याऐवजी तेवढाच राहिला किंवा कमी झाला, तर पट्टीतलं काहीतरी पीसीआर अडवत आहे.

प्रश्न : करोना विषाणूचा क्रम आला, पण मध्ये मोठमोठ्या जागा ‘एन’ने, म्हणजे ‘अक्षर माहीत नाही’ या खुणेने, भरलेल्या आहेत. असं का होतं? (संशोधक विद्यार्थी)

तीन कारणं असू शकतात आणि ती वेगळी ओळखता येतात.

सार्स-कोव्ह-२ चा, म्हणजे करोना विषाणूचा, जीनोम २९,९०३ न्यूक्लिओटाइडचा, म्हणजे तेवढ्या बेसचा (जनुकीय अक्षरांचा). तो एकसलग न वाचता एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांत, म्हणजे अ‍ॅम्प्लिकॉनमध्ये, वाढवतात. ४०० बेसचे तुकडे घेणारी पद्धत आणि १,२०० बेसचे तुकडे घेणारी पद्धत अशा दोन्ही प्रचलित आहेत. दुसरीत नळ्या आणि मेहनत कमी, पण पट्टीतला आरएनए तुटलेला असतो, आणि १,२०० चा अख्खा तुकडा शिल्लक असण्याची शक्यता कमी. पट्ट्यांसाठी ४०० चीच पद्धत धरा. लांब पद्धतीत रिकाम्या जागा वेगवेगळ्या नमुन्यांत वेगवेगळ्या ठिकाणी येत असतील, तर आरएनए तुटल्याचं ते लक्षण.

सगळ्या नमुन्यांत तीच जागा रिकामी असेल तर दोष प्रायमरचा, म्हणजे तुकड्याच्या टोकाला चिकटून प्रती काढायला सुरुवात करून देणाऱ्या छोट्या धाग्याचा. विषाणूत प्रायमर बसण्याच्या जागी बदल झाला की तो अ‍ॅम्प्लिकॉन गळतो. २०२१ च्या अखेरीस ओमायक्रॉन आला तेव्हा हेच झालं आणि प्रायमरचा संच सुधारावा लागला. संच अद्ययावत आहे का ते पाहा.

तिसरं, वाचनाची खोली, म्हणजे एकेक जागा किती वेळा वाचली गेली. एखाद्या जागेवर २० पेक्षा कमी रीड (वाचलेले तुकडे) आले तर तिथे अक्षर न देता ‘एन’ देण्याची प्रथा आहे आणि ती पाळावी. ही मर्यादा खाली आणून रिकाम्या जागा भरण्याचा मोह होतो. थोड्याच रेणूंपासून सुरुवात केलेल्या पीसीआरमध्ये चुकीचं अक्षर सहज वर येतं, आणि एकदा सार्वजनिक साठ्यात गेलेला खोटा बदल निस्तरणं फार कठीण. याच कारणाने पट्टीवरून रुग्णाच्या शरीरातल्या अल्पसंख्य प्रकारांविषयी निष्कर्ष काढू नयेत. बहुमताचा क्रम तेवढा विश्वासार्ह.

कोऱ्या पट्टीच्या कंट्रोलमध्येही काही अ‍ॅम्प्लिकॉन भरलेले दिसले, तर ती सगळी खेप बाजूला ठेवा. नेक्स्टक्लेड या क्रम तपासणाऱ्या संगणकीय साधनात मिश्र जागांची (जिथे एकाहून जास्त अक्षरं दिसतात अशा) संख्या जास्त आलेले नमुनेही संशयित धरा.

प्रश्न : फ्लू, डेंगी, रोटाव्हायरसच्या टेस्टमधूनही हे जमेल का?

जमतं, पण प्रत्येकाची अडचण वेगळी. इन्फ्लुएन्झा ए चा जीनोम आठ खंडांचा, सगळ्या खंडांची टोकं सारखी, म्हणून एकाच प्रायमर-जोडीने आठही वाढवता येतात. तुटलेल्या आरएनएमध्ये सुमारे २,३०० बेसचे पॉलिमरेझचे तीन खंड आधी गळतात, लहान खंड मात्र भरभरून येतात. तरी पृष्ठभागावरच्या प्रथिनांचे हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरॅमिनिडेझ हे खंड मिळाले तर बरंच काम होतं. एच१एन१ मध्ये ओसेल्टामिव्हिर या औषधाला दाद न देणारा एच२७५वाय बदल न्यूरॅमिनिडेझमध्येच दिसतो.

डेंगीत एनएस१ ची (विषाणूचं प्रथिन ओळखणारी) पट्टी घ्या, आयजीएमची (शरीराने तयार केलेली अँटिबॉडी ओळखणारी) नको. आयजीएम दिसू लागेपर्यंत रक्तातला विषाणू बहुधा ओसरलेला असतो. एनएस१ मध्येही तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांतल्या पट्ट्या निवडा, कारण आरएनए गेल्यावरही एनएस१ प्रथिन काही दिवस रक्तात राहतं. गडद रेघ आणि रिकामा पीसीआर असा प्रकार इथे नेहमी दिसतो, त्यामुळे लेबलवरची ताप सुरू झाल्याची तारीख इथे दुप्पट महत्त्वाची. रक्तातलं हिमोग्लोबिन पीसीआर अडवतं, तेव्हा धुण्याचा एक टप्पा वाढवा.

रोटाव्हायरसचा आरएनए दुपदरी असल्यामुळे टिकाऊ. तिथे शत्रू म्हणजे शौचातले पीसीआर अडवणारे घटक.

प्रश्न : घरी केलेल्या टेस्ट लोकांनी टपालाने पाठवल्या तर चालेल का?

तांत्रिकदृष्ट्या चालतं. नेण्याचे नियम मात्र पाळावे लागतात. असे नमुने बहुधा यूएन ३३७३ या जैविक पदार्थांच्या वर्गात मोडतात आणि त्यांना तिहेरी वेष्टन लागतं : न गळणारी आतली पिशवी, न गळणारी दुसरी पिशवी, बाहेर कडक खोका. पाठवण्यापूर्वी पट्टी वाळवायची सूचना चित्रासह द्या, नुसत्या मजकुराने लोक ती करत नाहीत. संमती लेखी घ्या, कारण पट्टीत त्या व्यक्तीचा डीएनएही असतो. कच्चे रीड सार्वजनिक साठ्यात टाकण्यापूर्वी मानवी रीड गाळून टाकणं ही प्रयोगशाळेची जबाबदारी आहे.

प्रश्न : फक्त पॉझिटिव्ह पट्ट्याच तपासल्या तर चित्र एकांगी होणार नाही का?

होतं. रॅपिड टेस्ट जास्त विषाणू असलेल्यांनाच पकडते, त्यामुळे ज्या उपप्रकारात विषाणूभार कमी असतो तो कमी दिसतो. लक्षणं असलेले, टेस्ट परवडणारे, केंद्राजवळ राहणारे लोक जास्त येतात. उपप्रकारांची टक्केवारी मांडताना हे शेजारीच लिहायला हवं. एकाच ठिकाणच्या शंभर पट्ट्यांपेक्षा दहा ठिकाणच्या दहा-दहा पट्ट्या, दर आठवड्याला ठरलेल्या संख्येने, जास्त सांगतात.

त्याहून खोल अडचण म्हणजे ज्या बदलामुळे टेस्टच चुकते तो बदल पॉझिटिव्ह पट्ट्यांत कधीच सापडणार नाही. करोनाच्या न्यूक्लिओप्रथिनातला डी३९९एन हा बदल काही अँटिजेन टेस्टची संवेदनक्षमता घटवतो, असं आढळलेलं आहे. मलेरियातही एचआरपी२ या प्रथिनाचं जनुक गमावलेले परजीवी त्या प्रथिनावर आधारलेल्या टेस्टला दिसत नाहीत. म्हणून स्पष्ट लक्षणं असून निगेटिव्ह आलेल्या काही पट्ट्याही त्याच पद्धतीने वाळवून ठेवा आणि त्यांचा पीसीआर करा. त्यातली एखादी सीटी २२-२३ ला पॉझिटिव्ह आली, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तिचा क्रम वाचा आणि त्या किटचा लॉट क्रमांक तपासा.